राडारोड्याची पोती
स्वयंपाकघराच्या जुन्या फरशा उखडून नव्या बसवल्या, तेव्हा काम संपले असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात गॅलरीत रचलेली राडारोड्याची चाळीसएक पोती शिल्लकच होती. ती रात्री नदीकाठी रिकामी करावीत, हा ठेकेदाराने सुचवलेला उपाय पुण्यात इतका रुळला आहे की तो सांगताना त्याला संकोचही वाटला नाही. बांधकामाचा कचरा वेगळा करून साठवण्याची जबाबदारी २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावरच टाकली होती. म्हणून विटा-सिमेंटचे तुकडे, लाकूड आणि लोखंड आम्ही निरनिराळे केले. लोखंड भंगारवाल्याने आनंदाने नेले. उरलेली पोती टेम्पोने महापालिकेच्या संकलन केंद्रावर पोहोचवली, आणि त्यात टेम्पोच्या भाड्यापेक्षा तीन जिने उतरवण्याची मजुरीच जास्त झाली. सिमेंटची बारीक धूळ मात्र अजूनही डब्यांच्या झाकणांवर सापडते.