मशीनच्या टेबलावरची पुस्तकं

मंगळवार, रात्री

तुळशीचं लग्न उरकलं तरी लग्नाचे ब्लाउज अजून शिवायला आलेले नाहीत. गणवेशाचं काम संपलं आहे. म्हणजे टेबलावर थोडी जागा आहे आणि त्या जागेवर पुस्तकं चढून बसली आहेत. दुपारी 'धग' ही कादंबरी, संध्याकाळी गोडसे भटजींचं प्रवासवर्णन 'माझा प्रवास', झोपताना मारुती चितमपल्लींचं रानावनावरचं पुस्तक. पोरगी अमरावतीला शिकते, शनिवारी-रविवारी घरी येते आणि दर वेळी हसते, "आई, एक तरी पुस्तक धड संपव नं."

मला ते जमत नाही. कादंबरी सलग वाचत गेले की मी त्या घरातच राहायला जाते, इकडं पोळी करपते. मधे एखादं प्रवासाचं, इतिहासाचं घातलं की बरं पडतं.

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, कादंबरीच मुळात पटत नाही. त्यांचं वाचन ठरलेलं: पेपरातले कापसाचे भाव, पंचांग आणि तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. महाराजांना त्यांनी लहानपणी मोझरीला खंजिरी वाजवताना पाहिलं आहे, त्यामुळं ते पुस्तक त्यांच्या लेखी पुस्तक नाहीच, ओळखीच्या माणसाचा निरोप आहे. आज मला म्हणाले, "झालं ते वाच, सुनबाई. न झालेलं वाचून काय भेटते?"

उत्तर सुचलं नाही. म्हटलं, चहा ठेवते.

बुधवार

वाचनालयात जाऊन आले. आमचं वाचनालय 'ड' वर्गातलं. १९६७ च्या कायद्याखालच्या नियमांनी राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा पायऱ्या लावल्या, त्यातली ही शेवटची. ग्रंथपाल दादा दिवसभर वावरात असतात, दिवेलागणीला येऊन कुलूप उघडतात. नखांत कापसाचं तुसं अडकलेलं असतं आणि त्याच हातानं रजिस्टरात तारीख घालतात.

कपाटं दोन. एकावर 'कथा-कादंबरी', दुसऱ्यावर 'इतर'. हे 'इतर' भारी आहे. तलाठी भरतीचे गाइड, लोणच्यांचं पुस्तक, संत्र्यावरच्या रोगांचं पुस्तक, आत्मचरित्रं, महाभारतावरचे लेख, सगळं एका फळीवर. गाइडांची पानं हाताळून काळी पडली आहेत. बाकीच्यांवर धूळ. त्या धुळीत 'लीळाचरित्र' पण आहे. आमच्यापासून तासाभरावर रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभट तिथं बसून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत होते. ज्याला जे आठवतं ते त्याला विचारायचं आणि उतरवून घ्यायचं. आज कोणी असं केलं तर पेपरवाले त्याला वार्ताहर म्हणतील. पण वाचताना त्या बारक्या-बारक्या प्रसंगांची गोडी गोष्टीचीच लागते. ते कोणत्या कपाटात ठेवायचं हे दादांनाही ठरवता आलं नसावं, म्हणून 'इतर'.

'इतर'मधून आज फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणला.

शुक्रवार

'धग' निम्म्याच्या पुढं गेली. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० सालची. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, आणि तरी तिची नायिका कौतिक बोलायला लागली की वाटतं शेजारच्या काकूच भिंतीपलीकडून बोलून राह्यल्या. आपली वऱ्हाडी छापलेली पाहायची सवय नसते ना. शाळेत तर 'मले' म्हटलं की हातावर छडी बसायची. इथं सगळी माणसं 'मले-तुले' करतात, रडतात, भांडतात, आणि कोणी हसत नाही त्यांना.

घर शिंप्याचं, हे वाचून मी जरा सरसावून बसले होते. वाटलं मशीन, कातर, गिऱ्हाईक असं काही ओळखीचं येईल. पण शेळक्यांना त्यात रस नाही. त्यांचा डोळा सारखा कौतिकच्या हातावर आहे. आज कुणाच्या वावरात, उद्या कुणाच्या, घरात दाणे किती, उसने कुणाचे, पोराचं शिक्षण कसं निभावायचं. गरिबीचं वर्णन करणारे पुष्कळ असतात. हा माणूस गरिबीचा हिशोब लिहितो. एक आडकाठी सरकवली की दुसरी उभी राहते, दुसरी सरकवली की तिसरी, आणि त्यात कुणी एक दुष्ट माणूस सापडत नाही ज्याला शिव्या घालून आपण मोकळं व्हावं. हे मला फार खरं वाटलं. गावात असंच असतं.

शनिवार

मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. काळा चष्मा, थेंब, आणि वाचायचं नाही अशी ताकीद. पेपर मी वाचून दाखवते. भाव वाचून झाले की दिवस पुढं आ वासून उभा. शेवटी आज मीच म्हटलं, मामाजी, फुल्यांचं वाचू का? शेतकऱ्याचं आहे, झालेलं आहे. होकार मिळाला.

हे पुस्तक १८८३ चं. छापायच्या आधी जोतिरावांनी ठिकठिकाणी लोकांसमोर वाचून दाखवलं होतं, म्हणजे ते कानानंच ऐकायचं पुस्तक आहे. सुरुवातीची लांबलचक वाक्यं वाचताना माझा दम लागला, मामाजींचा डोळाही लागला असावा. मग मी सरळ चौथ्या प्रकरणावर उडी मारली. तिथं कलेक्टरच्या तंबूकडून एक शेतकरी आपल्याशीच बडबडत घराकडं निघतो. मग त्याचं घर येतं. गोठ्यापासून चुलीपर्यंत एकेक वस्तू, जणू फुले कंदील घेऊन आपल्याला आत फिरवत आहेत. मी वाचत गेले. मामाजी ताठ बसले.

"याचं नाव काय म्हनलं?"

"नाव नाई लिवलं, मामाजी."

"बिना नावाचा मानूस असते काय कुठी?"

"शेतकरी म्हून लिवलं हाये."

"मंग हे गोष्ट झाली," ते म्हणाले. पण थांब म्हणाले नाहीत.

संध्याकाळी पुन्हा हाक आली. म्हटलं आता 'धग'च वाचते, मला माझं पुस्तक पुढं न्यायचं आहे. कादंबरी आहे हे आधीच सांगून टाकलं. दोन-तीन पानं झाली असतील.

"हे कौतिक कोन्त्या गावची?"

"कादंबरीतली हाये, मामाजी."

"ते असन. पन माहेर कोन्तं तिचं?"

मी पुस्तकातलं सांगितलं तर त्यांनी त्या बाजूच्या नात्यागोत्यातल्या दोन बायांची नावं घेतली आणि तिसऱ्या एकीची गोष्ट सुरू केली. तिचाही नवरा कामाला हात लावत नव्हता म्हणे. कादंबरी राहिली बाजूला, पाऊण तास त्या तिसरीचीच कहाणी. ती ऐकताना मी एक गोष्ट मनात टिपून ठेवली. सरकारदरबारी त्या बाईची खूण काय असेल? सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव, रेशनकार्डावर वय चुकलेलं, आणि बस. तिनं काय भोगलं ते फक्त मामाजींच्या तोंडात आहे. ते उद्या कुणी लिहिलं तर नावगाव बदलूनच लिहावं लागेल, पोरं-नातू अजून गावात आहेत. आणि नावगाव बदललं की पुस्तक थेट 'कथा-कादंबरी'च्या कपाटात.

फुल्यांनी उलटं केलं. माणसाचं नाव काढून टाकलं म्हणून तो सगळ्यांचा झाला. शेळक्यांनी नाव दिलं म्हणून ती एकीची झाली, आणि मग मामाजींसारखा माणूसही तिचं माहेर शोधायला लागला.

सोमवार

वाचन नाही. सितादही, म्हणजे कापूस वेचायला सुरुवात करतानाची पूजा, झाली त्याला बरेच दिवस झाले, आता वेचा अंगावर आला आहे. बाया मिळत नाहीत म्हणून मशीन झाकून मीही वावरात. कमरेला ओटी, बोटांना बोंडाचे काटे. रात्री 'बारोमास' उघडलं आणि ठेवून दिलं. सदानंद देशमुखांची ही शेतकऱ्याच्या हालांवरची कादंबरी २००२ ची, त्याच वर्षी आपल्याकडं बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढं कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पुस्तक चांगलं आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. पण व्यापारी दारात येऊन भाव पाडून मागत असताना हेच परत पानावर कोण वाचणार? ते मी उन्हाळ्यात वाचीन, उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपल्यावर.

अशा दिवसांत चितमपल्ली बरे. वनखात्यातला माणूस, सोलापूरहून आलेला, आणि नवेगाव बांधच्या तळ्यावर जाऊन तिथल्या लोकांकडून पक्षी शिकला. साहेब असून विचारत राहिला, हे मला आवडतं. दोन पानं वाचली की अंग दुखायचं थांबतं असं नाही, पण डोकं तरी वावराच्या बाहेर जातं.

गुरुवार

आज चार-पाच बाया माप द्यायला एकदम आल्या. टेबलावर 'स्त्री-पुरुष तुलना' पडलं होतं, एकीनं उचललं. "हे काय, नवरा-बायकोच्या भांडणाचं हाये काय?" म्हटलं, तसंच समज.

मग सांगितलं. लिहिणारी बुलढाण्याची, ताराबाई शिंदे. पुस्तक १८८२ चं. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर खटला झाला होता. पोटचं पोर मारल्याचा आरोप, शिक्षा फाशीची. पेपरांतून बाईच्या जातीलाच शिव्या सुरू झाल्या, तेव्हा इकडं वऱ्हाडात बसून ताराबाईंनी हे लिहून काढलं. सरळ पुरुषांना उद्देशून. तुम्ही आम्हाला जे दुर्गुण चिकटवता ते आधी आपल्या अंगावर मोजा, असा सगळा रोख.

टेप हातातच राहिली. एकीनं विचारलं, "मंग तिले फाशी देल्ली?" नाही, पुढं शिक्षा कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. "अन् तो?" तो कोण, ते सगळ्यांना कळलं. खटला तिच्या एकटीवरच चालला. त्यावर जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ताराबाईंना आवडलं असतं.

एक सांगायला हवं. हे पुस्तक वाचायला सोपं नाही. बाई रागात लिहिते, श्वास घेत नाही, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी, मधेच टोमणे, मधेच पुराणातले दाखले. नीट परिच्छेद पाडलेल्या लेखांची सवय असेल तर चिडचिड होते. मला वाटतं की हे कोणी समजूतदारपणे, मुद्देसूद लिहिलं असतं तर ते मी अर्ध्यात सोडलं असतं. तिचं दुसरं पुस्तक सापडत नाही. हे एवढं सुद्धा मधल्या काळात लोक विसरूनच गेले होते, १९७५ साली स. गं. मालशांनी पुन्हा छापलं तेव्हा वर आलं. म्हणजे बुलढाण्यातल्या शाळांत शिकलेल्या कितीतरी पिढ्यांना आपल्या गावात असं कोणी होऊन गेलं हे ठाऊकच नव्हतं.

मी बायांना पुस्तक न्यायला सांगितलं. कुणी नेलं नाही. "तूच वाचून सांग," म्हणाल्या. ब्लाउज द्यायला बुधवार सांगितला आहे, तेव्हा थोडं अजून सांगीन.

रविवार

पोरगी आली. सोल्यांची आमटी केली होती, पहिल्या तुरीची. जेवणानंतर तिच्या पिशवीतून महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' निघालं. नाटक वाचायचं तर एकटीनं कशाला, म्हणून आम्ही वाटून घेतलं. ती रंजू आणि अंजली, मी वहिनी आणि प्रभा, बाकीचे जो मोकळा असेल तो. मामाजी ऐकायला बाजेवर. एलकुंचवार यवतमाळकडच्या पारव्याचे. त्या वाड्यातली बोलणी, ते मानपान, कुणाच्या ताटात काय पडलं ते बघणं, सगळं आमच्या गावच्या मोठ्या वाड्यातलं वाटत होतं. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आला तेव्हा मामाजींनी पहिला व्यवहाराचा प्रश्न टाकला, "कर्ज कोन्त्या बँकेचं होतं?" पोरगी हसून लोळली. प्रभाचं बोलणं माझ्या वाट्याला होतं. शिकायचं राहून गेलेली ती बाई वाचताना मला दोनदा पाणी प्यावं लागलं, ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

रात्री पोरीला गोडसे भटजींबद्दल सांगत होते. वरसईचा भिक्षुक, दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत निघाला आणि थेट १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशी पडताना तो आत होता. पैसा कमावायला गेलेला माणूस वाटेत लुटला गेला, पण गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला. अशी गोष्ट कुणी कादंबरीत घातली तर आपण म्हणू, फार जुळवून आणलं. इथं ते झालेलं आहे.

पोरीनं मधेच प्रस्तावना चाळली आणि म्हणाली, आई, पण तू वाचतेस ते भटजींचं जसंच्या तसं नाही. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ते पहिल्यांदा छापलं तेव्हा बरंच गाळलं, बदललं. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली प्रत पार १९६६ मध्ये आली.

मी दचकलेच. म्हणजे इतके दिवस ज्याला मी 'झालेलं' म्हणून धरून बसले होते त्यावरही कुणी कातर चालवली होती. कातर चालवायचं मला वावडं नाही, पोटासाठी तेच करते. पण मी बेतलेल्या कापडाच्या चिंध्या गिऱ्हाइकाला परत देते. वैद्यांनी काय गाळलं असेल? भटजींनी स्वतःबद्दल लिहिलेलं काही? इंग्रजांबद्दल? की बायांबद्दल?

पोरगी उद्या सकाळच्या एसटीनं जाणार. कॉलेजच्या ग्रंथालयात पोतदारांची प्रत आहे का पाहा, मिळाली तर येताना आण, असं तीनदा बजावलं. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचीन म्हणते. मामाजी चष्म्याआडून म्हणाले, "मोठ्यानं वाच. मले बी ऐकाचं हाये काय गाळलं ते."