सातात नऊ जात नाहीत

दहावीच्या मुलांना गेली बावीस वर्षं 'वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे पाय आर वर्ग' घोकायला लावतेय आणि स्वतः केक मात्र अंदाजपंचे करत होते. गेल्या महिन्यात फळ मिळालं. रेसिपी ९ इंची गोल टिनची, घरात टिन ७ इंची. दोन इंचांनी काय होतंय, म्हणून सगळं मिश्रण ओतून मोकळी झाले. विसाव्या मिनिटाला ते काठावरून उतरून ओटीजीच्या (विजेच्या छोट्या ओव्हनच्या) खालच्या रॉडवर. लालबागच्या आमच्या चाळीत धूर कुणाच्या घरचा हे विचारावं लागत नाही. शेजारच्या काकू पदर नाकाला लावून दारात हजर, "अगं, काय करपवलंस?"

रात्री ट्रे घासताना हिशेब केला. दोन वर्तुळांची तुलना करायची तर पाय लागतच नाही, दोन्हीकडून उडतो. नुसते व्यासांचे वर्ग घ्यायचे: ९ चे ८१, ७ चे ४९. म्हणजे मी जवळजवळ पावणेदोन टिनांचं मिश्रण एकात कोंबलं होतं. वर्गात एखाद्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

मग एक गंमत सापडली. माझा नेहमीचा साधा स्पंज ८ इंची टिनमध्ये ४ अंड्यांचा. ८ चा वर्ग ६४, म्हणजे एका अंड्याच्या वाट्याला १६. आता ७ इंचीला ४९, तीन अंडी. ९ इंचीला ८१, पाच. ६ इंचीला ३६, म्हणजे सव्वादोन. तिथे मी दोनच घालते, केक जरा बसका होतो, चालतं. मैदा, साखर, लोणी त्याच प्रमाणात. अर्धं अंडं फेटून वाटीत मोजत बसण्यापेक्षा हे बरं. चौकोनी टिनला पाय उडत नाही, पण तिथेही नशीब चांगलं आहे: ८ इंची चौकोन आणि ९ इंची गोल जवळपास सारखेच भरतात, तसंच ७ चा चौकोन आणि ८ चा गोल.

हे सगळं टिनची उंची सारखी असेल तर. मिश्रण जाड थरात गेलं की मधलं कच्चं आणि कडा कडक, म्हणून मी १८० ऐवजी १६० ठेवते आणि वेळ वाढवते. थर पातळ असेल तर दहा मिनिटं आधीपासूनच सुरी खुपसून बघायची.

दुसऱ्या रविवारी शिंप्याची टेप पर्समध्ये टाकून क्रॉफर्ड मार्केट गाठलं. तिथे इंचांत कुणी बोलतच नाही. "आधा किलो का चाहिए, एक किलो का?" मी टेप काढल्यावर दुकानदार हसला. पण ८ म्हणून दिलेला टिन बाहेरच्या दुमडलेल्या काठापासून काठापर्यंत ८ होता. आतून भरला साडेसात. साडेसाताचा वर्ग सव्वाछप्पन्न, म्हणजे निम्मं अंडं तिथेच गायब. आतून मोजा, बुडाशी मोजा. आणि घरचा ओटीजीही मोजून जा. माझ्यात ९ इंची टिन दोन्हीकडून भिंतीला चिकटतो, गरम हवा फिरणार कुठून?

खरी पंचाईत सासूबाईंच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्याची. त्या यातच रवा केक करायच्या, कुकरची रिंग आणि शिट्टी काढून, खाली मीठ पसरून. डबा वर पसरट, खाली निमुळता, एका बाजूला पोचा. याला कुठला व्यास लावणार? शेवटी पाणी भरून मापाच्या भांड्यात ओतलं: सव्वा लिटरच्या जरा वर. माझ्या ७ इंची, २ इंच उंच टिनमध्येही तेवढंच मावतं. म्हणजे तीन अंडी. (तळ निघणाऱ्या टिनमध्ये पाणी ओतू नका, मी ओतलं. ओटा पुसल्यावर तांदूळ भरून मोजले.)

आता सगळ्या टिनांच्या बुडाला नेलपॉलिशने आकडे घातलेत: २, ३, ४. डब्याला मात्र सासूबाईंनी हात लावू दिला नाही. त्याच्या बुडावर त्यांच्या आईचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे.

"झाकणावर लिही," म्हणाल्या, "आणि तीन कशाला? मी तर एकही अंडं घालत नव्हते."