सॅमची बाग

१९५४-५५ साली तीन खंडांत आलेली टॉल्कीनची कादंबरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तिसऱ्यांदा वाचतेय. कॉलेजात त्यातल्या शूर ॲरागॉर्नवर जीव होता, आता सगळं लक्ष सॅमवर, घातकी जादुई अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या सोबत्यावर. पेशाने माळी. शत्रूच्या मुलखाच्या, मोर्डोरच्या वेशीवर ती अंगठी त्याच्याकडे येते आणि त्यालाही भुलवते. कशाने? तुझ्या हुकमाने हे ओसाड खोरं बाग होईल, म्हणून! माणूस बघून गळ टाकते मेली. पण सॅमला कळतं, स्वतःच्या हातांनी राबता येईल एवढाच तुकडा आपल्याला पुरे.

फ्रोडो मात्र ज्वालामुखीच्या ऐन कड्यावर अंगठी आगीत टाकायला नकार देतो. पूर्वी त्याचा राग यायचा. आता वाटतं, इतके महिने ती गळ्यात वागवल्यावर कोण टाकेल? ती नष्ट होते अंगठीने पछाडलेल्या गॉलममुळे, ज्याला मारायची संधी दोघांनीही सोडलेली असते.