एकाच वाहिनीचा देश

बडोदे, रविवार, रात्री

माझी भाची विद्यापीठात इतिहास शिकते. स्वातंत्र्यानंतरचा भारत समजून घेण्यासाठी कोणते चित्रपट आणि कोणत्या मालिका पाहाव्यात, याची यादी तिला माझ्याकडून हवी आहे. "मावशी, दहाच नावे दे, पण इतिहासावरची दे," असे तिने बजावले आहे. लिहायला बसले आणि तिची ही अटच मला जाचू लागली. ऐतिहासिक किंवा पौराणिक चित्रपट ज्या काळाची गोष्ट सांगतो, त्या काळाबद्दल त्यातून फारसे कळत नाही. तो ज्या साली निघाला त्या सालाबद्दल मात्र पुष्कळ कळते, आणि तेही बहुधा करणाऱ्यांच्या नकळत.

१९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'चेच घ्यावे. (दादासाहेब फाळके तरुणपणी आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, हे येथल्या माणसाला मध्येच सांगितल्याशिवाय राहवत नाही.) हरिश्चंद्राची कथा तेव्हा घराघरांत माहीत होती, तिच्यात नवे काही नव्हते. परंतु तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार होईना, आणि अखेर अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले, ही गोष्ट १९१३ च्या समाजाबद्दल जे सांगते ते पुराणात नाही. १९२१ सालच्या 'भक्त विदुर'चेही तसेच. कथा महाभारतातली, पण विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी आणि अंगावर खादी होती. ती कोणासाठी आहे हे सरकारलाही कळले, आणि मद्रास व कराची येथे चित्रपटावर बंदी आली.

म्हणून यादीच्या वर मी तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत : हे कोणत्या साली निघाले, पैसे कोणी दिले, आणि ते कोणी कोणासाठी दाखवले.

दुसऱ्या प्रश्नाला 'मंथन'इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात मिळत नाही. येथून तासाभरावर असलेल्या आणंदच्या दूध सहकाराची ही कथा १९७६ साली पडद्यावर आली. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्यातून दहा लाख रुपये उभे राहिले, आणि चित्रपट लागला तेव्हा हेच निर्माते गावागावांतून वाहने भरभरून तो पाहायला गेले. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचे, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे. शहरातून आलेला, हेतू चांगला असलेला डॉक्टर गावाला शहाणे करू पाहतो आणि गावातली जात, सावकारी व उतरंड त्याला पुरून उरतात, हे शेतकऱ्यांच्याच पैशांतून दाखवले गेले. स्वतःच्या गावाचे इतके कमी गोड चित्र काढण्यासाठी लोकांनी वर्गणी द्यावी, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आणंद तेव्हा ज्या खेडा जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यात, नडियादजवळच्या पीज या गावी, १९७५ साली इस्रोच्या पुढाकाराने दूरचित्रवाणीचे एक छोटे केंद्र सुरू झाले होते. गावोगावी सार्वजनिक संच बसवले होते आणि त्यांवर जिल्ह्यातल्याच बोलीत, जिल्ह्यातल्याच प्रश्नांवर कार्यक्रम होत : हुंडा, विधवाविवाह, शेतमजुरी, अस्पृश्यता. शेतकरी व मजूर स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलत. १९८४ साली या प्रयोगाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ साली केंद्र बंद झाले. मधल्या काळात, १९८२ साली, दिल्लीहून देशभर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, रंग आले होते, एशियाड झाले होते. १९८४ च्या जुलैपासून 'हम लोग' ही मालिका घरोघर पोहोचली होती. खेड्याने स्वतःला पाहण्याऐवजी साऱ्या देशाने एकदम दिल्लीकडे पाहायचे, असा हा बदल होता, आणि त्या वेळी त्याचे कोणाला वैषम्य वाटल्याचे मला आठवत नाही. आम्हां बडोद्याच्या मराठी कुटुंबांना तर राष्ट्रीय कार्यक्रम सोयीचाच वाटला. मुंबई दूरदर्शनवरच्या 'चिमणराव'चे कौतुक आम्ही नातेवाइकांच्या पत्रांतून वाचत असू. येथे घरात मराठी, शेजारात गुजराती आणि संचावर हिंदी, अशी वाटणी होऊन गेली होती.

यादीत एकच वर्ष ठेवायचे झाले, तर मी १९८८ ठेवीन. बहुतेक घरांत तेव्हा दूरदर्शनची एकच वाहिनी दिसत असे आणि ती सरकारची होती. त्या एका वर्षात तिने काय काय दाखवले, हे ओळीने मांडले की थक्क व्हायला होते. वर्ष सुरू झाले तेव्हा रामानंद सागर यांचे 'रामायण' रविवारी सकाळी चालूच होते, जानेवारीत निहलानींची 'तमस' आली, जुलैअखेर 'रामायण' संपले, ऑक्टोबरात बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले. आणि वर्ष सरण्यापूर्वी नेहरूंच्या ग्रंथावरची, बेनेगल यांची 'भारत एक खोज' सुरू झाली.

'रामायणा'च्या वेळी रस्ते ओस पडत आणि संचाला हार घातले जात, हे इतक्या जणांनी लिहिले आहे की मी पुन्हा लिहीत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मालिका संपल्यानंतरचा प्रसंग. लव-कुशांची कथा न दाखवताच ती आटोपली, तेव्हा जालंधर आणि उत्तरेतल्या इतर शहरांत वाल्मीकींना मानणाऱ्या सफाई कामगारांनी संप केला. कचऱ्याचे ढीग साचले, रोगराईची भीती निर्माण झाली, आणि अखेर सरकारला उत्तरकांड दाखवणे मान्य करावे लागले. ज्यांना देशाने पडद्यावर क्वचितच आणले होते, त्यांनी पडद्यावर काय यावे हे ठरवून घेतले. कोणत्याही ऐतिहासिक चित्रपटातून हे कळणार नाही.

'तमस'ची गोष्ट वेगळी. फाळणीला एकेचाळीस वर्षे होत आली होती, आणि आपल्या चित्रपटांनी तो विषय मोजक्याच वेळा हाताळला होता. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका थांबवावी म्हणून काही लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणावरची स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बंदी नाकारली. माझ्या वडिलांचे एक सहकारी सिंधहून निर्वासित होऊन आलेले होते आणि वारसियात राहत असत. वडिलांनी त्यांना मालिकेबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही पाहा. आम्हांला कथा ठाऊक आहे."

'भारत एक खोज'मध्ये नसीरुद्दीन शहा शिवाजी महाराज झाले, तेव्हा आमच्या दांडिया बाजारातल्या घरात बरीच चर्चा झाली होती. आजोबांच्या मनात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांत महाराज झालेले नट चंद्रकांत घट्ट बसलेले. "हे महाराज फार हळू बोलतात," अशी त्यांची तक्रार होती. त्याच मालिकेत ओम पुरी अशोक झाले आणि औरंगजेबही झाले, आणि त्याच वर्षाच्या आरंभी 'तमस'मधला भेदरलेला नत्थूही तेच होते. एकाच नटाच्या चेहऱ्यावर इतक्या परस्परविरोधी भूमिका पाहण्याची सवय त्या प्रेक्षकाला होती, असे मला वाटते. निदान आजोबांना तरी झाली.

१९९१ च्या निवडणुकीत बडोद्याने दीपिका चिखलिया यांना लोकसभेवर पाठवले, आणि साबरकांठाने अरविंद त्रिवेदींना. सीता आणि रावण एकाच पक्षाच्या बाकांवर बसले. मालिकेने राजकारण घडवले असे मी म्हणणार नाही. आदल्या वर्षीची सोमनाथहून निघालेली रथयात्रा, मंडल आयोगाचा वाद, अशी कारणे होतीच. परंतु ज्या मालिकेचे चित्रीकरण याच राज्यातल्या उमरगावला झाले, तिची नायिका आमच्या शहराची खासदार व्हावी, हे शिकवताना टाळण्याजोगे नाही. त्याच सुमारास खासगी उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या. त्यानंतर देशाने एका वेळी एकच गोष्ट पाहणे जवळजवळ संपले, आणि कालांतराने आमच्या घरात मराठी मालिका आल्या. त्यांचा दर्जा हा स्वतंत्र विषय आहे, आज नको.

भाचीच्या यादीत सध्या पाच नावे झाली आहेत आणि त्यांतली चार १९८८ ची आहेत. तिला हे चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. नावे पाहण्याआधी तिने मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांच्या फायली मिळतात का ते विचारावे, आणि मिळाल्या तर वाचकांची पत्रे आधी वाचावीत, असे उद्या फोनवर सांगणार आहे.