आमची वाटचाल: शाळेच्या गणवेशापासून फुटबॉलच्या जर्सीपर्यंत

गेल्या डिसेंबरात तिघे जण आमच्या कारखान्यात आले. एक क्रीडाशिक्षक, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक तरुण वकील. कटिंग टेबलावर त्यांनी एक कागद पसरला. त्यावर रंगवलेली जर्सी, छातीवर 'सोलापूर'. क्रीडाशिक्षक म्हणाले, "अण्णा, आपल्या गावाची व्यावसायिक फुटबॉल टीम उभी करायची म्हणतोय. किट तुम्हीच द्यायचं."

मी विचारलं, "दुसऱ्या वर्षीचा पगार कोण देणार?"

तिघेही गप्प झाले. हा प्रश्न माझ्या तोंडून का निघाला, हे सांगायचं तर आमच्या धंद्याची सगळी गोष्टच सांगायला हवी.

माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, होते. गिरणी बंद पडली आणि चाळिशी ओलांडलेला माणूस घरी बसला. १९९६ साली सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चार शिलाई मशीन आली, त्यातली दोन उसनी होती. आई, आत्या आणि शेजारच्या दोन अक्का शाळेच्या हाफ चड्ड्या शिवायच्या. मोठ्या कारखानदाराचं जॉबवर्क, पीसवर पैसे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. पण देशभरातल्या कितीतरी शाळांचे गणवेश आमच्या गावात शिवले जातात, आणि त्यामागे आमच्यासारख्या खोल्याखोल्यांतून चालणारी मशीन आहेत.

गणवेशाच्या धंद्याची एक मोठी अडचण म्हणजे हंगाम. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळीनंतर मात्र मशीनवर धूळ बसते. त्या रिकाम्या महिन्यांत आमच्या बायका पुन्हा विड्या वळायला जायच्या. शिकवून तयार केलेला हात असा दरवर्षी निसटायचा आणि फेब्रुवारीत आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. थंडीतलं काम शोधत शोधतच मी खेळाच्या कपड्यांकडे आलो. आधी कबड्डी आणि खोखोच्या बनियन, मग क्रिकेटचे टी-शर्ट, शेवटी फुटबॉल.

२०१५ मध्ये कर्ज काढून सब्लिमेशनचं यंत्र घेतलं. डिझाइन आधी कागदावर छापायची, मग कागद आणि पांढरं कापड एकत्र गरम प्रेसखाली घालायचं, साधारण दोनशे अंशांवर. रंग थेट धाग्यात मुरतो, कितीही धुवा, उडत नाही. हे फक्त पॉलिएस्टरवर होतं, सुती कापडावर नाही. सुताच्या गावात जन्मलेल्या वडिलांना ते पचायला वेळ लागला. ते प्रत्येक पीस चिमटीत धरून बघायचे आणि म्हणायचे, "हे कापड की प्लास्टिक रे?" पण पहिला लॉट निघाला तेव्हा नंबरांच्या कडा बोटांनी चाचपत ते बराच वेळ उभे होते. छपाई हाताला लागतच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फ्लॅटलॉक शिलाई मशीनवर बसून एक जर्सी शिवली.

आता ती दुखरी गोष्ट. एका मोठ्या शहरात नवा क्लब निघाला होता, नाव घेत नाही. तीन प्रकारचं किट, सरावाचे कपडे, प्रेक्षकांसाठी टी-शर्ट, एवढी मोठी ऑर्डर आम्ही तोवर पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी पैसे उशिरा का होईना, आले. दुसऱ्या वर्षी अर्धा माल पोचला आणि फोन उचलणं बंद झालं. ऑफिसला कुलूप होतं. छातीवर त्यांचं चिन्ह छापलेले चारशे टी-शर्ट आमच्या माळ्यावर पडून राहिले. चिन्ह धाग्यात मुरलेलं, ते काढताही येत नाही. त्या वर्षीचा बोनस मी कामगारांना तीन हप्त्यांत दिला. एकही अक्का काही बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून मी फुटबॉलच्या बातम्या धंद्याच्या नजरेने वाचू लागलो. मुंबईची महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये नॅशनल लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग, जिंकली आणि २०१० मध्ये बंद झाली. पंजाबच्या जेसीटीने २०११ मध्ये गाशा गुंडाळला. आपल्या शेजारच्या पुण्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून एफसी पुणे सिटी बालेवाडीला खेळत होती. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला, आणि २०१९ मध्ये संघच राहिला नाही. त्या जागी हैदराबाद एफसी आली. तिने २०२१-२२ चा करंडक जिंकला आणि २०२५ मध्ये तीही दिल्लीला गेली. पुण्यातला जो पोरगा २०१८ मध्ये जर्सी घालून ओरडत होता, त्याने आता कोणासाठी ओरडायचं? जिंकलं की टिकलं, असं या धंद्यात नसतं.

लीगचंही तेच. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी सातशे कोटींचा व्यापारी हक्कांचा करार केला होता. त्याची मुदत संपत आली, पुढचं ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे देशातली सर्वोच्च लीग, थांबवून ठेवावी लागली. वरचा एक कागद संपला की खालचे सगळे टांगणीला. सोलापूरने एकदम तिथे उडी घ्यावी, असं मला म्हणूनच वाटत नाही.

पण मी नाराज होऊन या खेळापासून लांब गेलो नाही, याचं कारण कोल्हापूर.

तिथल्या एका तालमीची ऑर्डर घेऊन मी स्वतः गेलो होतो. कोल्हापूरचा फुटबॉल तालमी-मंडळांचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तिथे घराण्यासारखी घेतली जातात. छत्रपती घराण्याने त्या खेळाला आश्रय दिला आणि पेठांनी तो सांभाळला. तालमीत चटईवर बसवून त्यांनी मला चहा दिला आणि पैसे पुढे ठेवले. बँकेतून काढलेलं बंडल नव्हतं. पन्नासच्या, शंभरच्या, दहाच्या नोटा रबराने बांधलेल्या, वर चिठ्ठीत कोणी किती दिले त्याची नावं. दुकानदार, रिक्षावाले, एक निवृत्त शिक्षक. मोजायला अर्धा तास लागला आणि एक रुपयाही कमी भरला नाही. संध्याकाळी त्यांच्याबरोबर शाहू स्टेडियमवर गेलो. माझ्या शेजारी सत्तरीचे एक मामा बसले होते. आमच्या कारखान्यातून गेलेली जर्सी त्यांनी शर्टावरून चढवली होती, ती पोटाला घट्ट होत होती. गोल झाला तसा त्यांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

त्या संघाला मालक एक नव्हता, म्हणून एकाने हात काढला की सगळं संपेल अशी भीती नव्हती. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच कोल्हापूरचा.

दुसरं उदाहरण मी त्या तिघांना सांगितलं ते मिझोरामची राजधानी ऐझॉलचं. २०११ च्या जनगणनेत ऐझॉलची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती, आपल्या सोलापूरची साडेनऊ लाख. तरी ऐझॉल एफसीने २०१६-१७ मध्ये आय-लीग, म्हणजे नॅशनल लीगच्या जागी आलेली लीग, जिंकली, कोलकात्याच्या क्लबांना मागे टाकून. प्रशिक्षक होते खालिद जमील, जे त्याआधी अनेक वर्षं मुंबई एफसीकडे होते. आणि मुंबई एफसी? ती त्याच सुमारास बंद झाली. पैसा मुंबईत जास्त की ऐझॉलमध्ये, हे कोणालाही कळतं. मिझोराममध्ये २०१२ पासून स्वतःची प्रीमियर लीग होती, सामने स्थानिक केबलवर घराघरांत दिसायचे. आधी गावातली लीग उभी राहिली, मग देश जिंकणारा संघ त्यातून निघाला.

आता सोलापूर. मनापासून सांगतो, गाव म्हणून आपली बाजू कमकुवत नाही. इथे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. पार्क चौकातून जाताना चार हुतात्म्यांचे पुतळे दिसतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकत्र फासावर गेलेले. चार समाजांची माणसं एका कामासाठी उभी राहण्याची या गावाची सवय जुनी आहे. माझ्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका डब्यात शेंगाचटणी, दुसऱ्यात कडक भाकरी, तिसऱ्यात पुलिहोरा निघतो आणि सगळे सगळ्यांचं खातात. असं गाव एका संघामागे उभं राहू शकत नाही, हे मी मान्य करणार नाही.

अडचण आहे ती मैदानाची आणि उन्हाची. पार्क स्टेडियम क्रिकेटसाठी घडलेलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथे महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला तेव्हा गावाला किती आनंद झाला, तो मी पाहिला. त्या खेळपट्टीवर स्टडचे बूट नाचवायला कोण देईल? 'होम मैदान' नावाचं गावातलं जुनं मैदान आहे, पण तिथे जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, आणि तिथे दुसरं काही असूही नये. मार्चनंतर दुपारी खेळणं म्हणजे पोरांचे हाल. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळी, दिव्यांखाली, १०५ बाय ६८ मीटरचं स्वतःचं मैदान. हे नसेल तर जर्सी कितीही सुंदर शिवली तरी उपयोग नाही. प्रवासाची मात्र चिंता कमी. मुंबई-चेन्नई मार्गावरचं आपलं स्टेशन आहे, पुण्याला सकाळी जाऊन सामना खेळून रात्री परत येता येतं.

म्हणून त्या तिघांना मी सांगितलं ते असं. पहिली तीन वर्षं 'व्यावसायिक' हा शब्द खेळाडूंच्या पगारासाठी ठेवू नका, हिशेबासाठी ठेवा. शाळांची आणि पेठांची लीग चालवा. पूर्व भाग, होटगी रोड, जुळे सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, प्रत्येकाची वेगळी टीम. त्यातून निवडलेल्या पोरांचा एक संघ राज्याच्या स्पर्धांत उतरवा. पगार द्यायचा तो आधी एका चांगल्या प्रशिक्षकाला, एका फिजिओला आणि मैदान राखणाऱ्या माणसाला. खर्च उचलायला एक मोठा प्रायोजक शोधण्याऐवजी वर्षाला हजार रुपये देणारी पाचशे घरं शोधा. पाच लाखांत संघ चालत नाही, हे मलाही कळतं. पण पाचशे घरं आली की सामन्याला दोन हजार माणसं येतात, आणि मग प्रायोजक तुमच्याकडे येतो.

वकील म्हणाले, "अण्णा, एवढं थांबायचं?" मी त्यांना माळ्यावर नेलं आणि ते चारशे टी-शर्ट दाखवले.

आमच्या बाजूने आम्ही तीन गोष्टी कबूल केल्या. मुलांच्या लीगची किट नफा न घेता. मुख्य संघाची ऑर्डर वीस-वीसच्या लॉटमध्ये, प्रत्येक लॉटचे पैसे आधी. आणि प्रेक्षकांच्या जर्सीवरचा चौथा हिस्सा मैदानाच्या खात्यात. चारशेची चूक मी पुन्हा करणार नाही, आणि त्यांनाही करू देणार नाही.

या थंडीत पहिल्यांदाच आमची एकही अक्का विड्यांकडे गेली नाही. मुलांच्या लीगच्या आठ संघांची किट शिवून झाली आहे. काल चेकिंगच्या अक्कांनी एक जर्सी बाजूला काढून माझ्यापुढे धरली. सगळ्यात लहान, बावीस नंबरच्या साइजची, गोलकीपरची. पाठीवरचा १ चा आकडा एका बाजूला अर्धा इंच सरकला होता. त्या म्हणाल्या, "पोरगं गोलात एकटंच उभं राहणार ओ, सगळे त्यालाच बघणार." ती आम्ही पुन्हा छापली. रविवारी सकाळी सातला किटचं वाटप आहे.