चिपवरचं नाव पुसलं गेलं

मागच्या महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं एक काम आलं, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचा (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचा) कंट्रोल बोर्ड अर्ध्या तासात गरम होऊन बंद पडायचा, चादरींची ऑर्डर अडकलेली. मी रेग्युलेटर आयसी (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) बदलला, ऑनलाइन मागवलेल्या दहातला एक, तर दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन, "ओ, परत बंद पडलंय की!" दुसरा लावला, तोही गेला. मग कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन उरलेल्या आयसी घासल्या, तर वरचा काळा थर बोळ्यावर उतरला आणि खाली घासकामाचे ओरखडे. म्हणजे भंगारातल्या बोर्डावरून उपटलेला माल, वरून घासून, काळा थर देऊन, त्यावर नवं नाव छापलेलं. लई राग आला, मालकांपुढं खोटा मी पडलो होतो ना.

तेव्हापासून रात्री याच विषयावरचं संशोधन वाचतोय. अमेरिकन सिनेटच्या एका समितीने 2012 साली अहवाल दिला, लष्करी सामानाच्या पुरवठ्यात बनावट पार्ट असल्याच्या संशयाची सुमारे 1,800 प्रकरणं, आणि पार्ट मोजले तर 10 लाखांच्या वर. विमानात लागणाऱ्या सामानाची ही गत, मग आपल्या पॉवरलूमच्या बोर्डाचं कोण बघतंय.

जुनी चिप ओळखायची एक युक्ती मला फार आवडली. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारीक स्विच, वापरून वापरून हळूहळू मंद होतो. म्हणून चिप बनवतानाच आत दोन सारखे ऑसिलेटर (ठरावीक वेगाने ठोके देणारी सर्किटं) ठेवायचे, एक चिपबरोबर चालणारा, दुसरा एरवी बंद. नंतर दोघांचा वेग मोजला की फरकावरून कळतं चिप आधी राबून आलीये का ते. ॲसिटोनला दाद न देणारे रंग आता आलेत, पण हे वय पुसून जात नाही.

खरी धडकी भरली ती ट्रोजनचं, म्हणजे चिपमध्येच लपवलेल्या घातकी बदलाचं वाचून. डिझाइन एकाचं, त्यातले काही ब्लॉक दुसऱ्याकडून घेतलेले, फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, तिसऱ्याच देशात, मध्येच कुणी हात मारला तर? 2013 साली काही संशोधकांनी एकही जादा ट्रान्झिस्टर न घालता, नुसतं डोपिंग (सिलिकॉनमध्ये मिसळलेली भेसळ) बदलून रँडम नंबर बनवणारं सर्किट कमजोर करून दाखवलं, तरी चिपची स्वतःची टेस्ट पास! तारा, ट्रान्झिस्टर सगळं जागच्या जागी. पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो बदल दिसतो हे दाखवलं, तेव्हा कुठं जीवात जीव आला. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरचं डिझाइन खुलं आहे, कुणीही बघू शकतं, ही मोठी गोष्ट आहे, पण खुलं डिझाइन तपासलं तरी फॅबमधून तेच बाहेर आलं का हा प्रश्न राहतोच.

पप्पा पूर्व भागात जॅकार्डची कार्डं पंच करायचे. ते सांगतात, तेच कार्ड, तेच सूत, तरी चादर हातात घेऊन जॉबर (माग दुरुस्त करणारा) सांगायचा कुठल्या मागावरची ते. पफ (PUF) नावाचा चिप ओळखायचा प्रकार वाचताना मला तेच आठवलं. एकाच मास्कवरून (चिपच्या नक्षीच्या साच्यावरून) काढलेल्या दोन चिपमध्येसुद्धा सिग्नल पोचायच्या वेळेत बारीक फरक राहतो, बनवणाऱ्यालाही तो ठरवून आणता येत नाही, म्हणून त्या फरकालाच चिपची ओळख करायची. 2002 च्या आसपास एमआयटीतल्या लोकांनी हे सिलिकॉनवर करून दाखवलं. नंतर मशीन लर्निंगने यातल्या काही प्रकारांत चिप काय उत्तर देईल ते आधीच ओळखता येतं हेही निघालं, त्यामुळं काम अजून चालूच आहे.

मी आता अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच माल घेतो, महाग पडतो, पण तो बोर्ड तेव्हापासून चालतोय. प्रत्येक लॉटमधली एक आयसी घासून बघतो, एक दिवसभर लोडवर ठेवतो, लॉट नंबर वहीत. त्या दहातल्या आठ अजून डबीत आहेत, सोलापुरात कुणा दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढू दिला तर आतली फ्रेम (चिपच्या पायांना जोडणारी धातूची चौकट) तरी सारखी आहे का बघायचंय.