भरतीची वेळ आणि तिसरी सही

बेथ दिनला, म्हणजे आमच्या धर्मपंचायतीला, तीन माणसं लागतात. आम्हा पुरोगामी ज्यूंमध्ये त्यातला एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि बाकीचे दोघे जाणकार असले तरी चालतं. मुंबईत तसंच भागवावं लागतं, कारण कायमचा रब्बी इथे टिकत नाही. 1925 साली डॉ. जेरुशा झिराड यांनी इथे पुरोगामी मंडळी उभी केली तेव्हापासून बरंचसं काम घरच्याच माणसांवर चाललंय. मी प्रार्थना चालवतो, पोरांना हिब्रू शिकवतो, मयतीला उभा राहतो, आणि वेळ आली की बेथ दिनवरही बसतो.

ती मुलगी माझ्याकडे वर्षाहून जास्त काळ शिकत होती. वडील बेने इस्राएल, म्हणजे आमच्यासारखे कोकणातले मराठी ज्यू, आई मराठा. परंपरेने ज्यूपण आईकडून येतं. अमेरिकेतल्या रिफॉर्म, म्हणजे पुरोगामी, रब्बींनी 1983 साली ठरवलं की नुसते वडील ज्यू असले तरी मूल ज्यू धरावं, पण ते ज्यू म्हणून वाढलेलं असावं. हिच्या घरी शुक्रवारी दिवेही लागायचे आणि भाद्रपदात गणपतीही यायचा. तेव्हा रीतसर धर्मस्वीकार करायचा असं तिनेच ठरवलं.

"इस्रायलला जायचं असेल," असं आमच्यातले कितीतरी लोक माझ्या तोंडावर म्हणाले. याचा मला मनस्वी राग येतो. 1970 च्या दुरुस्तीपासून तिथला परतीचा कायदा, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देणारा कायदा, ज्यूच्या मुलानातवंडांनाही लागू आहे. वडिलांच्या कागदांवर ती उद्या जाऊ शकते, त्यासाठी तिला आमच्या दाखल्याची गरज नाही. जिला काहीच मिळवायचं नाही तिच्यावरच संशय घ्यायचा, ही आपल्या लोकांची जुनी खोड. मिश्र घरांतल्या पोरांना 'काळे इस्राएल' म्हणून वेगळं बसवणारे आमचेच पूर्वज. आणि पुढे इस्रायलमध्ये धर्मपीठाने लग्नाच्या वेळी आमच्याच वंशाची चौकशी मांडली, तेव्हा 1964 साली जेरुसलेममध्ये धरणं धरून बसलेही आमचेच लोक.

शेवटचा विधी तेव्हिला, म्हणजे पूर्ण बुडी. त्याला नैसर्गिक पाणी लागतं, आणि समुद्र त्यात सर्वांत निर्विवाद. पण कोकणचा किनारा उथळ. ओहोटीला अर्धा फर्लांग चाललं तरी पाणी गुडघ्याला. म्हणून मी कोळ्यांचा हिशेब धरतो: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. द्वादशी निवडली, म्हणजे सकाळी नऊ. अलिबागजवळ आमच्या एका नातलगाच्या ओटीवर सातला बेथ दिन बसायचं, साडेआठला उठायचं, असा बेत होता. पाहुण्या रब्बी बाई, मी आणि आमचे वयोवृद्ध काका. काकांइतका पाठांतराचा पक्का माणूस आमच्यात उरलेला नाही.

पहिला अर्धा तास छान गेला. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सण, आहार, सगळं तिने न अडखळता सांगितलं. मग रब्बी बाईंनी ठरलेला प्रश्न विचारला: घरी दुसऱ्या कुठल्या देवाची पूजा होते का? मी मराठीत सांगायच्या आधीच ती म्हणाली,

"होते. दीड दिवसाचा गणपती. आई बसवते. बाबा गेले, आईचे गुडघे गेलेत, बिल्डिंगला लिफ्ट नाही. मूर्ती मी वर आणते. विसर्जनालाही मीच नेते."

"आणि आरती?" काकांनी विचारलं.

"आईबरोबर उभी राहते. म्हणतेही. ती एकटीच राहिली असती ना, काका."

"पुढेही म्हणणार?"

"आई आहे तोवर. नाही म्हणाले तर खोटं होईल."

'ती आईची पूजा आहे, माझी नाही,' एवढं म्हणाली असती तरी दहा मिनिटांत सगळं आटोपलं असतं. इतर ठिकाणी उमेदवारांना नेमकी हीच उत्तरं पढवतात. मी कुणाला पढवत नाही आणि पढवणार नाही.

तिला अंगणात पाठवलं आणि आमची जुंपली. मी काकांना म्हटलं, आपण पुरीम या आपल्या सणाला होळीचा सण म्हणत आलो, नववी आव्हच्या, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिनाच्या, उपासाला बिरड्याचा सण म्हणत आलो, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, मलिद्याचं ताट पाहून बाहेरचे रब्बी आजही भुवया उंचावतात. काका शांतपणे म्हणाले, "नावं घेतली रे, देव घेतले नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवून उपाशी झोपलेल्या शनवार तेल्यांची अवलाद आहे मी. चहूबाजूंनी देवळं असताना आपण एवढी एकच गोष्ट सांभाळली." मी आईबापांचा मान राखण्याची आज्ञा काढली. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: आईबाप तोरा, म्हणजे आपलं मूळ शास्त्र, मोडायला सांगत असतील तर तिथे त्यांचं ऐकायचं नाही. हेही शास्त्रात आहेच. मला प्रत्युत्तर सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही.

रब्बी बाईंना घड्याळाची घाई कळत नव्हती. पाण्याला वेळ असते हे त्यांच्या गावच्या टाइल लावलेल्या मिक्वेत, म्हणजे विधीच्या स्नानकुंडात, कळणार कसं? नऊ वाजून गेले तरी त्या वहीत लिहीत होत्या. शेवटी त्यांनी मुलीला आत बोलावून एकच विचारलं, "आईनंतर?" ती म्हणाली, "माहीत नाही." बाईंनी वही मिटली आणि होकार दिला. मीही दिला. जी आज देवासमोर खोटं बोलत नाही ती उद्याही बोलणार नाही, एवढा माझा आधार. काकांनी नकार दिला.

दोन विरुद्ध एक. निर्णय बहुमताने होतो, म्हणून आम्ही किनाऱ्यावर गेलो. दहा वाजून गेले होते, पाणी हटायला लागलं होतं. बुडीपूर्वी अंगावर काही राहता कामा नये, केसाची पिनसुद्धा नाही, पाणी सगळीकडे लागलं पाहिजे. आदल्या रात्री तिने नखं कापली होती, पण अंगठ्याच्या कडेला गुलाबी पॉलिशची एक रेघ उरली होती. रब्बी बाईंनी ती ब्लेडने खरवडून काढली. मग काँटॅक्ट लेन्स काढल्या. तिचा नंबर मोठा, लाटा धूसर दिसायला लागल्या. तेव्हा तिची आई, गुडघ्यांना पट्टे बांधलेली, साडी वर खोचून तिचा हात धरून पाण्यात शिरली. तिथून पुढे, छातीइतकं पाणी लागेपर्यंत, रब्बी बाईंनी नेलं. सैल झगा पाण्यातच उतरवायचा असतो. मी आणि काका समुद्राकडे पाठ करून उभे. पहिली बुडी, मग बुडीची ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, शेवटी शेहेहेयानू, हा क्षण दाखवल्याबद्दलची ब्राखा. वाऱ्यात आवाज तुटत होता, पण दोन्ही ब्राखा ऐकू आल्या. दोन्हींना काका माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा मोठ्याने 'आमेन' म्हणाले.

पण दाखल्यावर त्यांनी सही केली नाही. आणि संध्याकाळी मांडव्याच्या धक्क्यावर, बोटीची वाट पाहताना, आमच्यातल्याच दोन कुटुंबांना सांगितलं, "मी नाही म्हटलं होतं, या दोघांनी ऐकलं नाही." हे मात्र मला माफ करवत नाही. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाच्या सनहेद्रिन प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की न्यायाधीशाने बाहेर पडून 'माझं मत वेगळं होतं, पण सोबत्यांचं बहुमत झालं' असं म्हणू नये. काकांना तो उतारा तोंडपाठ आहे. मलाही त्यांनीच तो शिकवला. शास्त्र सांभाळायचं तर ते सगळंच सांभाळायला हवं.

मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. धक्क्यावरचं बोलणं चुकलं हे त्यांनी लगेच मान्य केलं. सही मात्र नाही. म्हणाले, "तिला खोटं बोलवलं नाही म्हणून तू तिला पास केलंस. मग मला खोटी सही का करायला लावतोस?"

रब्बी बाईंचं पत्र आलंय: बहुमत पुरेसं आहे, काकांची जागा रिकामी ठेवून दाखला देऊन टाका. मी अजून दिलेला नाही. रिकामी जागा असलेला दाखला कुणाच्याही हाती पडला की पहिलं बोट तिथेच जाणार, आणि उत्तर द्यावं लागणार तिला. सिम्हाथ तोराला, म्हणजे तोरावाचनाचा वार्षिक फेरा पुरा होण्याच्या सणाला, तिला सेफेरसमोर, तोराच्या गुंडाळीसमोर, बोलावणार आहे, बापाचं आणि आईचं, दोघांचीही नावं घेऊन. ते माझ्या हातात आहे. दाखल्यासाठी काकांकडे पुन्हा जायचंय. या खेपेला तीही येते म्हणते.